'सोबत येणाऱ्या व्यक्ती : प्रौढ १' – परदेशी बदल्या करणाऱ्या कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
परदेशी नेमणुकीवर कर्मचारी पाठवणाऱ्या सर्व कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग आणि बदल्यांचं काम पाहणारे अधिकारी,

सप्रेम नमस्कार.

गेल्या अकरा वर्षांत आमच्या घराने तीन देश बदलले. तिन्ही वेळा कारण एकच, नवऱ्याची बदली. आणि तिन्ही वेळा तुमच्यासारख्याच एखाद्या विभागाकडून घरी एक फॉर्म आला. त्यात एक रकाना असतो : 'सोबत येणाऱ्या व्यक्ती – प्रौढ १, मुले १'. त्यातली प्रौढ १ म्हणजे मी. माझं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर पुढच्या पानावर होता. मी काय शिकले, काय काम करते, मला कुठल्या भाषा येतात, हे लिहायला त्या फॉर्मवर कुठेच जागा नव्हती. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पहिली बदली झाली तेव्हा माझ्या कामाला नऊ वर्षं झाली होती.

तुमच्या विभागांत जीव ओतून काम करणारी माणसं आहेत, हे मी पाहिलंय. एकदा आमचं विमान चुकलं, तेव्हा रात्री दोन वाजता फोन उचलून दुसरी तिकिटं काढून देणारी मुलगी तुमच्यापैकीच होती. तिचा आवाज मला अजून आठवतो. तक्रार माणसांबद्दल नाही. तक्रार आहे ती कामाच्या मांडणीबद्दल. तुमची सगळी मदत कर्मचाऱ्याच्या नावाने निघते, त्याच्या ईमेलवर पोहोचते, त्याच्या पगाराच्या खात्यात जमा होते. आणि नव्या देशात घर उभं करायचं काम मात्र जिच्याशी तुम्ही एकदाही बोललेला नसता, तिच्या अंगावर येतं. म्हणून या पत्रात माझी मागणी एकच आहे. सोबत जाणाऱ्या माणसाशी थेट बोला. करारावर सही होण्याआधी बोला, आणि तिथे पोहोचल्यावर पुढची दीड वर्षं बोलत राहा. दीड वर्षच का, ते पुढे सांगते.

मी 'ती' लिहिणार आहे, कारण मी बाई आहे आणि मला भेटलेल्यांत बहुतेक बायका होत्या. बायकोच्या बदलीवर मागे आलेले दोन पुरुषही मला भेटले. त्यांची अवस्था आमच्यापेक्षा जास्त एकाकी होती, कारण आम्हाला निदान एकमेकी तरी सापडत होत्या.

बदलीवर आलेला माणूस पहिल्याच सोमवारी कामावर जातो. तिथे त्याच्यासाठी खुर्ची असते, ओळखपत्र असतं, लॅपटॉप असतो, आणि त्याला जेवायला बोलावणारं कुणीतरी असतं. काम ओळखीचं असतं, म्हणून तर त्याला पाठवलेलं असतं. दिवसातले नऊ तास तो अशा जागी असतो, जिथे त्याला आपण कोण हे माहीत असतं. दरवाजा बंद झाल्यावर घरात जी राहते, तिच्यापुढे त्या दिवशी काय असतं, ते एकदा बघा. विजेचं कनेक्शन स्वतःच्या नावावर करायचं असतं. डॉक्टर शोधून नाव नोंदवायचं असतं. शाळेचं पत्र आलेलं असतं आणि ते वाचता येत नसतं. बँक म्हणते पत्त्याचा पुरावा आणा, घरमालक म्हणतो आधी इथल्या बँकेचं खातं दाखवा. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. मधे ती उभी असते. आधीच्या देशात पंधरा वर्षं एकही हप्ता न चुकवता फेडलेलं कर्ज इथे कुणी हिशोबात धरत नाही, कारण परतफेडीची पत देशाची सीमा ओलांडून येत नाही. इथे तुम्ही कालच जन्माला आलेले असता.

दुसऱ्या देशात पाण्याच्या जोडणीसाठी मी फोन केला, तर पलीकडे रेकॉर्ड केलेला आवाज. एक दाबा, दोन दाबा, एवढं आकड्यांवरून कळत होतं, पण कशासाठी काय दाबायचं ते कळत नव्हतं. मी चार वेळा फोन लावला. पाचव्या वेळी तो आवाज नवऱ्याच्या जुन्या फोनवर रेकॉर्ड केला, आणि मग स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभी राहून एकेक शब्द थांबवत, परत ऐकत, कानाला येईल तसा देवनागरीत कागदावर उतरवला. त्याचे उच्चार शब्दकोशात शोधत बसले. दोन तासांनी समजलं की 'नवीन ग्राहक' हा पर्याय तिसरा आहे. तीन दाबलं. आता खरा माणूस बोलायला लागला, आणि तो भराभर बोलला. मी फोन ठेवला. तेवढ्यासाठी मी रडले, हे आज लिहिताना मला लाज वाटत नाही. त्याच दिवशी संध्याकाळी तुमच्या विभागाकडून नवऱ्याला एक प्रश्नावली आली होती : 'आपण नव्या ठिकाणी स्थिरावलात का?' त्याने 'हो' लिहिलं. त्याच्या बाजूने ते खरंही होतं.

या अवस्थेला 'कल्चर शॉक' म्हणतात, हे तुमच्या प्रशिक्षणात शिकवतातच. हा शब्द रुजवला कालेर्वो ओबेर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने. रोजच्या वावरातल्या असंख्य ओळखीच्या खुणा एकदम नाहीशा झाल्या की येणारी अस्वस्थता, असं त्याने त्याचं वर्णन केलं. हात कधी मिळवायचा, कुणाला काय म्हणायचं, आमंत्रण मनापासूनचं आहे की तोंडदेखलं, अशा लहान लहान खुणा. त्याचा यावरचा लेख छापून आला १९६० मध्ये, पण मूळ भाषण त्याने दिलं ते १९५४ साली, ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरो शहरात, तिथल्या महिला क्लबात. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या ओळीवर थांबले. ही गोष्ट तो पहिल्यांदा कुठल्या संचालक मंडळासमोर बोललेला नाही. समोर बायका बसल्या होत्या. सत्तर वर्षांपूर्वी योग्य श्रोते निवडले गेले होते, आणि आपण आजही ती माहिती फक्त कर्मचाऱ्याच्या प्रशिक्षणाच्या स्लाइडवर ठेवतो.

तुम्हाला हिशोबाची भाषा लागते, तर तीही बोलू. १९८२ मध्ये रोझली टंग या संशोधिकेने अमेरिकन, युरोपीय आणि जपानी कंपन्यांना विचारलं की परदेशी नेमणुका मुदतीआधी का गुंडाळाव्या लागतात. अमेरिकन कंपन्यांच्या उत्तरांत पहिल्या क्रमांकावर होतं जोडीदाराला जुळवून घेता न येणं. कर्मचाऱ्याची कामातली कमतरता त्या यादीत बरीच खाली होती. (जपानी कंपन्यांची क्रमवारी वेगळी आली, हेही सांगायला हवं.) १९८९ मध्ये ब्लॅक आणि स्टीफन्स या संशोधकांनी अमेरिकन कर्मचारी आणि त्यांच्यासोबत गेलेले जोडीदार यांचा अभ्यास केला. जोडीदार जितका रुळलेला, तितका कर्मचारी रुळलेला आणि मुदत पूर्ण करायला तयार, असा संबंध त्यांना दिसला. आणि जाण्याआधी जोडीदाराचं त्या बदलीबद्दल चांगलं मत असेल, तर तिथे गेल्यावर जुळवून घेणंही सोपं गेलेलं दिसलं. म्हणजे निर्णय होण्याआधी तिला विचारलं, तर त्याचा उपयोग कंपनीलाच होतो. हे चाळीस वर्षांपूर्वीपासून छापून ठेवलेलं आहे. तरी तीन बदल्यांत मला एकदाही कुणी विचारलं नाही.

आता कागदपत्रं. या बाबतीत मी थोडी जास्त जागा घेणार आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होतं आणि ते टाळणं सर्वांत स्वस्त आहे.

पहिल्या देशात पोहोचल्यावर राहण्याच्या परवान्यासाठी आम्ही कार्यालयात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी नवऱ्याचे कागद तपासले, सगळे ठीक. मग माझं लग्नाचं प्रमाणपत्र हातात घेतलं, पुढून वाचलं आणि उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या कोऱ्या पाठीवर बोटाने एक चौकोन काढून दाखवला. मला काही कळेना. त्यांनी पुन्हा तसाच चौकोन काढला. त्यांना म्हणायचं होतं, अपॉस्टिल कुठे आहे?

५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग कराराप्रमाणे एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात चालण्यासाठी हा शिक्का लागतो. करारातच त्याचा नमुना दिला आहे, निदान नऊ सेंटिमीटर बाजूचा चौकोन. भारत या करारात २००५ मध्ये आला, कॅनडा तर २०२४ मध्ये. जे देश करारात नाहीत तिथे वकिलातीतून साक्षांकन करून घ्यावं लागतं, आणि त्याला आणखी वेळ जातो. आणि यातली कळीची गोष्ट ही की अपॉस्टिल ज्या देशाने कागद दिला त्याच देशात होतो. एकदा निघालात, की तिथून करता येत नाही.

नवऱ्याची पदवी, अनुभवाचे दाखले, सगळ्यांवर तो शिक्का होता. कंपनीच्या एजंटने घरी येऊन कागद नेले होते आणि शिक्के मारून परत आणून दिले होते. यादीचं शीर्षकच होतं 'कर्मचाऱ्याची कागदपत्रे'. लग्नाचं प्रमाणपत्र, मुलीचा जन्मदाखला, माझी पदवी यांपैकी काहीच त्या यादीत नव्हतं. प्रमाणपत्र कुरियरने परत पाठवावं लागलं. शिक्का मारून, भाषांतर होऊन ते हातात यायला सात आठवडे गेले. त्या सात आठवड्यांत मला परवाना नव्हता. परवाना नाही म्हणून बँकेचं खातं नाही. खातं नाही म्हणून माझ्या नावाचं फोनचं कनेक्शन नाही. भाषेच्या सरकारी वर्गाला प्रवेश नाही. सात आठवडे मी त्या देशात होते, पण कुठल्याच नोंदीत नव्हते.

तुमच्या यादीत तीन ओळी वाढवल्या असत्या तर हे झालं नसतं. कृपया वाढवा. आणि चौथीही एक ओळ घाला : सगळ्या कागदांवरचं नाव एकच आहे का ते पाहा. पदवीवर लग्नाआधीचं नाव, पासपोर्टवर नंतरचं, मुलीच्या दाखल्यावर आणखी तिसऱ्या पद्धतीने लिहिलेलं, असं असलं तर तीन वेगळ्या बायका समजल्या जातात. मी स्वतः एका अर्जासाठी तीन प्रतिज्ञापत्रं केली.

मग येतो 'डिपेंडंट' हा शब्द. व्हिसावर छापलेला. ज्या माणसाने नऊ वर्षं स्वतः कमावलं, तिच्या पासपोर्टमध्ये तो चिकटवला जातो तेव्हा काय वाटतं ते मी वेगळं सांगत नाही. पण त्या शब्दाचा अर्थ देशागणिक किती बदलतो, हे तुम्हाला माहीत असतं आणि आम्हाला नसतं. जर्मनीत ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांच्या परवान्यावर, गेलेल्या माणसाच्या जोडीदाराला वेगळी परवानगी न घेता कुठलीही नोकरी करता येते. जपानमध्ये डिपेंडंटला परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंतच काम करता येतं. सिंगापूरमध्ये मे २०२१ पासून डिपेंडंटला नोकरी करायची तर साधारणपणे स्वतःचा वेगळा वर्क पास लागतो. अमेरिकेत तर एकाच देशात दोन तऱ्हा आहेत. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याची पत्नी एच-४ या व्हिसावर असते, आणि तिला कामाची परवानगी मागण्याची सोय २०१५ मध्ये झाली, तीही मुख्यतः नवऱ्याची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचली असेल तरच. तोच माणूस कंपनीच्या अंतर्गत बदलीने एल-१ वर गेला, तर त्याच्या पत्नीला नोव्हेंबर २०२१ पासून जोडीदार या नात्यानेच काम करता येतं.

म्हणजे जिथे दोन्ही मार्ग मोकळे असतात, तिथे तुमच्या कार्यालयात कुणीतरी एक खूण एका चौकोनात करतं की दुसऱ्या, यावर एका बाईची पुढची काही वर्षं ठरतात. ती खूण करताना खर्च पाहिला जातो, वेळ पाहिला जातो. ती बाई पाहिली जात नाही. मला एवढंच हवं आहे की करार पाठवताना सोबत एक पान तिच्या नावाने पाठवा. तुम्हाला त्या देशात काम करता येईल की नाही, कधीपासून, किती तास, त्यासाठी कुठला अर्ज करायचा आणि त्याचं शुल्क कंपनी देईल की नाही, एवढं त्यावर असावं. तोंडी नको. मला पहिल्या बदलीच्या वेळी तोंडी सांगितलं होतं की 'तिकडे गेल्यावर होऊन जाईल'. झालं नाही. चार वर्षं मी काम केलं नाही, आणि त्या चार वर्षांचा निवृत्तिनिधीही कुठे साचला नाही.

परवानगी असली तरी माझ्यासारख्या पेशात ती पुरत नाही, हेही कुणी सांगत नाही. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, शिक्षक, वकील यांना बहुतेक देशांत तिथली नोंदणी लागते. दुसऱ्या देशात मला कामाचा हक्क पहिल्या दिवसापासून होता. नोंदणीसाठी त्यांनी कॉलेजकडून प्रत्येक विषयाचे वर्गातले तास आणि रुग्णांसोबतचे तास, वर्षवार, सही-शिक्क्यानिशी मागितले. माझं कॉलेज पूर्ण करून तेव्हा चौदा वर्षं झाली होती. जुना अभ्यासक्रम शोधून देणारे एक कारकून तिथे भेटले म्हणून ते झालं. निघायच्या आधी कळलं असतं, तर मी एका दुपारी स्वतः जाऊन ते कागद घेऊन आले असते.

भाषेचं बोलते. कंपनीने नवऱ्याला ३० तासांचा भाषावर्ग दिला होता. त्याच्या ऑफिसात सगळं इंग्रजीत चालायचं. मला वर्ग नव्हता, आणि इंग्रजी न बोलणारा सगळा गाव माझ्या वाट्याला होता. पाणीवाला, शाळेची शिपाईबाई, दवाखान्यातली नर्स, बसचा चालक. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषा शिकवणारी संस्था इंग्रजी भाषकांसाठी एक अंदाज देते. जवळच्या भाषांमध्ये कामापुरतं प्रावीण्य यायला साधारण सहाशे-सातशे तासांचा वर्ग लागतो, आणि जपानी, अरबी, चिनी यांसारख्या भाषांना २२०० तास. त्यापुढे ३० तास म्हणजे नमस्कार, आभार आणि आकडे. कुणी सातशे तासांचा खर्च करावा असं मी म्हणत नाही. पण जे ३० तास आहेत ते ज्याला गरज आहे त्याला द्या. शक्य असेल तर ते निघण्याच्या आधी सुरू करा, आणि पोहोचल्यावर वर्गाच्या वेळी मूल सांभाळायची काहीतरी सोय करा. माझ्या शेजारणीला वर्ग मंजूर होता, ती गेली नाही. कारण तिचं बाळ दहा महिन्यांचं होतं आणि वर्ग सकाळी साडेनऊला होता.

मुलं पटकन शिकतात, असं तुम्ही नेहमी म्हणता. शिकतात खरी. माझी मुलगी सहा महिन्यांत बोलायला लागली. आणि सातव्या महिन्यात डॉक्टरांसमोर माझ्या पोटदुखीचं भाषांतर ती करत होती. आठ वर्षांची. डॉक्टरांनी विचारलेला एक प्रश्न तिने मला सांगितलाच नाही, कारण तो तिला सांगण्यासारखा वाटला नाही. तो काय होता हे मला खूप उशिरा कळलं. मुलाने आईचा दुभाषी होऊ नये. दुभाष्याचा एक फोन नंबर, महिन्याला तीन-चार तासांपुरता, एवढी सोय कुठल्याही बदलीच्या खर्चात बसते.

आता दीड वर्षाचं सांगते. १९५५ मध्ये लिसगार्ड या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञाने शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे २०० नॉर्वेजियनांचा अभ्यास छापला. सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले बरे जुळलेले होते. अठरा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलेही. मधले, सहा ते अठरा महिनेवाले, सर्वांत कमी. पुढे इतर संशोधकांनी या उतार-चढावाच्या आलेखावर शंका घेतली, आणि काहींना पहिलेच आठवडे सर्वांत कठीण दिसले. दोन्ही खरं असू शकतं, माणसागणिक वेगळं. माझ्या बाबतीत आठवा महिना सर्वांत वाईट होता. नवलाई संपली होती, सामान लागलं होतं, आणि आता रोजचाच दिवस होता. तुमचं घर शोधून देणं ३० दिवसांत संपलं होतं, एजंटची मदत ९० दिवसांत. आठव्या महिन्यात मला मदत मागायला कुठला नंबर नव्हता. जो होता तो नवऱ्याच्या ऑफिसचा, आणि त्यावर बायको रडते म्हणून फोन करणं त्याला जड वाटत होतं. बढतीचं वर्ष होतं.

म्हणून तिच्यासाठी वेगळा नंबर हवा. तिने त्यावर जे बोललं ते तिच्या नवऱ्याच्या वरिष्ठांपर्यंत जाणार नाही, हे लेखी हवं. आणि तुमच्याकडून तिला फोन जावा, पहिल्या आठवड्यात, मग तिसऱ्या, आठव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात. पाच फोन. प्रश्नावली नको. प्रश्नावलीला आम्ही सगळ्या 'ठीक आहे' लिहितो.

या फोनचं आणखी एक कारण आहे आणि ते लिहिल्याशिवाय हे पत्र पूर्ण होणार नाही. दुसऱ्या देशात आमच्या इमारतीत एक बाई होती. तिचा पासपोर्ट नवऱ्याच्या ऑफिसच्या कपाटात असायचा. बँकेचं खातं त्याच्या एकट्याच्या नावावर होतं, फोनही. तिचा परवाना त्याच्या नोकरीवर टांगलेला. तिला मारहाण होत होती हे आम्हाला तिच्या मनगटावरून कळलं. मुलाला घेऊन परत निघून जावं म्हटलं, तर तेही सोपं नव्हतं. आंतरराष्ट्रीय बालअपहरणाबद्दलचा १९८० चा हेग करार शंभराहून जास्त देशांनी मान्य केला आहे, आणि त्यानुसार मूल जिथे नेहमी राहतं तिथून दुसऱ्या पालकाच्या संमतीविना त्याला करारातल्याच दुसऱ्या देशात नेलं, तर सहसा ते परत पाठवलं जातं. करार मुलांच्या भल्यासाठी आहे. पण बदलीवर आलेली बाई त्या देशात पोहोचून स्थिरावली, की 'नेहमी राहण्याचं ठिकाण' तेच ठरू शकतं, हे तिला विमानात बसण्याआधी कुणी सांगितलेलं नसतं.

तुम्ही कुणाच्या संसारात शिरावं असं मी म्हणत नाही. पण काही गोष्टी तुमच्या हातात आहेत. प्रत्येक प्रौढाचा पासपोर्ट आणि परवाना त्याच्याच हातात द्या, दोन वेगळ्या पाकिटांत. बँकेत खातं उघडून देताना संयुक्त खातं हा नेहमीचा नियम ठेवा. त्या देशातल्या महिला मदतकेंद्राचा आणि पोलिसांचा नंबर तिच्या भाषेत तिच्या पाकिटात घाला. नोकरी गेली तर कुटुंबाने किती दिवसांत देश सोडायचा असतो, हेही त्यात लिहा. अमेरिकेत एच-१बी धारकाला ही मुदत जास्तीत जास्त ६० दिवस मिळते, त्याच्यावर अवलंबून असलेल्यांनाही तेवढीच. तो आकडा त्या घरातल्या दोघांनाही आधी माहीत असायला हवा.

ती शेजारीण शेवटी सुखरूप परतली. तिला मदत केली ती इमारतीतल्या चार बायकांनी आणि तिथल्या एका सरकारी कर्मचाऱ्याने. जिने तिच्या नवऱ्याची बदली केली होती त्या कंपनीला यातलं आजही काही ठाऊक नसेल.

परतीबद्दल थोडक्यात. परतल्यावर जुन्या जागी पुन्हा रुळायला तेवढाच त्रास होतो, हे १९६३ मध्ये गलाहॉर्न या संशोधक दांपत्याने मांडलं होतं आणि आम्ही ते अनुभवलं. नवऱ्याला परत आल्यावर जागा तयार असते. माझ्या बायोडेटातल्या चार वर्षांच्या रिकाम्या जागेचं काय सांगायचं, हे मला प्रत्येक मुलाखतीत नव्याने ठरवावं लागतं, तेव्हा तिथे केलेल्या शिक्षणाचं किंवा स्वयंसेवी कामाचं एखादं प्रमाणपत्र मिळवायला कंपनीने मदत केली तर त्याचा फार उपयोग होईल.

या सगळ्याला पैसे लागतील हे मला कळतं. काही मागण्यांना लागतील, बऱ्याचशांना लागणार नाहीत. यादीत चार ओळी, एक पान, दोन पाकिटं, पाच फोन. तुम्ही आमचं सामान एका देशातून दुसऱ्या देशात नेताना प्रत्येक खोक्यावर क्रमांक घालता, त्याचा विमा उतरवता, आणि खोकं पोहोचलं का हे विचारायला फोन करता. तो फोन मला तिन्ही वेळा आला होता. माझ्याच नंबरवर, कारण सामान घ्यायला घरी मीच असणार हे तुमच्या माणसांना माहीत होतं. म्हणजे माझा नंबर तुमच्याकडे होता.

गेल्या आठवड्यात आमच्या वरच्या मजल्यावर एक जोडपं राहायला आलं. तो सोमवारी कामावर गेला. ती मंगळवारी जिन्यात भेटली, हातात शाळेचं पत्र होतं आणि ते मला वाचता येईल का असं तिने विचारलं. ती आर्किटेक्ट आहे. व्हिसावर काम करता येईल का, हे तिला अजून माहीत नाही. लग्नाचं प्रमाणपत्र मी तिला घरून आणायला सांगितलं आणि आम्ही दोघींनी त्याची मागची बाजू पाहिली. कोरी आहे. उद्या सकाळी आठ वाजता मी तिच्याबरोबर परवान्याच्या कार्यालयात जाणार आहे, निदान किती दिवसांची मुदत मिळते ते विचारायला. तिला पाठवणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर तिला उद्या दुपारनंतर फोन करा. सामानाच्या फॉर्मवर तिचा नंबर असेल.

आपली नम्र,
तीन देशांत सोबत गेलेली एक फिजिओथेरपिस्ट